प्रस्तावना : अंगठ्याने दाबून न कळणारी गोष्ट

लोणखेड्याहून शहादा ओलांडून दोंडाईचा रस्त्याला लागले की तापीकाठी सारंगखेडा येते. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा असते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खोगीर घेणारा जाणता माणूस ते घोड्याच्या पाठीवर टेकवून बघतो, कण्यावर भार येतो का ते तपासतो. सायकलच्या दुकानात मात्र आपण अंगठ्याने सीट दाबतो आणि जी जास्त दबेल ती घरी नेतो. या पुस्तकाचे भांडण त्या अंगठ्याशी आहे.

सायकलची बैठक हा विषय घोड्याच्या साजातूनच निघाला. जॉन बोल्टबी ब्रूक्सने 1866 मध्ये बर्मिंगहॅमला चामडी साजाचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते त्याप्रमाणे 1878 मध्ये त्याचा घोडा मेला, त्याने सायकल उसनी आणली आणि तिच्या लाकडी बैठकीने तो बेजार झाला. कथा जरा जास्तच बेतशीर आहे, पण त्याचे 1882 चे पेटंट खरे आहे. ताणलेल्या चामड्याची तशी सॅडल आजही मिळते. नवी असताना ती दगडासारखी कडक लागते. पुष्कळ वापरानंतर बसणाऱ्याच्या हाडांपुरते तिचे चामडे खाली बसते. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एक कडक वस्तू आरामासाठी विकली जाते आहे. असे का, हे समजले की निम्मा विषय समजला.

टणक बाकावर ताठ बसले की खाली दोन हाडे टोचतात. शरीराचा भार घ्यायला ती बनलेली आहेत. त्यांच्या मधला मऊ भाग मात्र नसांचा आणि रक्तवाहिन्यांचा. तो दबला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. जाड जेलच्या कव्हरात हाडे रुततात, मधला फुगवटा वर येतो आणि नको तिथेच दाब पडतो. ही खोगीरभरती बाजारापर्यंत जाऊन येण्यापुरती सुखाची वाटते, दोन तासांनी तीच छळते.

रुंदी मापाने ठरते, आणि ते माप बसण्याच्या ढबीवर अवलंबून असते. हीरो किंवा ॲटलसच्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो, जवळजवळ सगळे वजन मागे येते. तिथे स्प्रिंगांची रुंद गादी योग्यच आहे, तिला कुणी हसू नये. रोड बाईकवर कंबर पुढे झुकते, वजन हात, पाय आणि बैठक यांत वाटले जाते, टेकणारा भाग अरुंद होतो. तिथे तीच रुंद गादी मांड्यांना घासते.

संशोधनाला जोर चढला तो 1990 च्या दशकाच्या अखेरीस, पुरुषांच्या भीतीतून. सायकलने नपुंसकत्व येते का, यावर अमेरिकेत वाद पेटला आणि मध्ये खाच असलेल्या सॅडल बाजारात आल्या. तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सॅडलवर बसवले. 2008 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, बधिरपणा मुळीच जाणवला नाही असे सांगणारे 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेले. स्त्रियांकडे लक्ष उशिरा वळले. येल विद्यापीठाचा त्यांच्यावरचा अभ्यास 2006 चा. हँडल सॅडलपेक्षा खाली असले की मऊ भागावरचा दाब वाढतो, हे त्यापुढच्या कामात दिसले. मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडे आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्यांच्या सीटचे माप कुणाच्या अंगावरून घेतले, हा प्रश्न मला रेसिंगच्या सॅडलइतकाच अभ्यासाचा वाटतो.

आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य वाचकाने ध्यानात ठेवावे. तोरणमाळचा घाट पायांची परीक्षा घेतो, पण चढावर माणूस पॅडलवर उभा राहतो, उतारावर बूड उचलतो. तापीकाठची सपाटी ही उसंत देत नाही. तासन्‌तास एकाच ठिकाणी दाब, वर चाळिशीच्या पुढचा उन्हाळा, घाम आणि घर्षण. म्हणून सपाट रस्त्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी मुद्दाम उभे राहावे, आणि पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरे काही घालू नये.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये ती एकट्याने पार करून आले. अशी नावे निघाली की नवखा विचारतो, त्यांची सॅडल कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, पण निरुपयोगी. त्यांची हाडे त्यांच्याजवळ.

बैठकीच्या बऱ्याच तक्रारी तर सॅडलच्या नसतातच. उंची जास्त असली की कंबर डावी-उजवी डुलते आणि सोलवटते. पायाच्या आतल्या बाजूची लांबी 0.883 ने गुणली तर क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. 80 सेंटिमीटरला सुमारे 70.6. सॅडल आडवी समतल ठेवावी, फार तर नाक किंचित खाली. जास्त झुकवली तर माणूस पुढे घसरतो आणि मनगटे दुखतात.

तेव्हा पुढचे प्रकरण उघडण्याआधी एवढे करा. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा टणक पायरीवर ठेवा, गुडघे जरा वर घेऊन त्यावर बसा, पुढे वाका, उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि या पानाच्या समासात लिहून ठेवा. त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवले की शोध कोणत्या रुंदीपासून सुरू करायचा ते कळेल. घरातल्या बायका-मुलींचेही माप घ्या. पुढची सगळी प्रकरणे त्या आकड्यांना धरून वाचायची आहेत.

लोणखेडा, ता. शहादा