चांदीवरची छाप कशी वाचायची?

मुरुड म्हटलं की बाहेरच्या माणसाला जंजिऱ्याचं मुरुड आठवतं, समुद्र आठवतो. आपलं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथं समुद्र नाही. तरीही चीनच्या जुन्या चांदीविषयी बोलताना आपल्याच दोन शब्दांपासून सुरुवात करता येते : छाप आणि सराफ.

दक्षिण चीनमधलं कँटन हे मोठं बंदर. १८४२ पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये प्रामुख्याने तिथंच व्यापाराची मुभा होती. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी कापूस आणि अफू घेऊन तिथं जात. त्या बाजारात शिक्क्याला 'चॉप' म्हणत आणि नाणी पारखणाऱ्याला 'श्रॉफ'. हे आपलेच छाप आणि सराफ, परदेशी तोंडातून तिकडे गेलेले. हाँगकाँगमध्ये आजही गाडीतळाच्या पैसे भरायच्या खिडकीवर 'श्रॉफ' असं लिहिलेलं दिसतं.

आता छाप का लागते? आपल्याकडे गावात पोतदार असायचा. नाणं खरं की खोटं, हे तो सांगायचा, आणि बहुधा तोच सोनारही असायचा. दागिना त्याने घडवला, तर त्यावर नाव कशाला? तो समोरच राहतो! घेणारा आणि घडवणारा अनोळखी झाले, की मग माणसाच्या जागी छाप बोलायला लागते.

कँटनच्या कारागिरांनी आधी इंग्रजी गिऱ्हाइकासाठी इंग्रजी छापांची नक्कल केली : सिंह, बिबट्याचं तोंड वगैरे. त्यामुळे नुसता सिंह पाहून 'लंडनची चांदी' म्हणणारा फसतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी पद्धत रुळली. दुकानदाराची रोमन आद्याक्षरं, शेजारी चिनी अक्षरांतला ठसा आणि पुष्कळदा '९०' हा आकडा, म्हणजे शंभरात नव्वद भाग चांदी. 'डब्ल्यू एच' म्हणजे वांग हिंग, त्या काळची प्रसिद्ध पेढी. पण लक्षात घ्या, रोमन अक्षरं विकणाऱ्याची. चिनी ठसा बहुधा घडवणाऱ्या कारखान्याचा. म्हणून एक छाप पाहून निकाल द्यायचा नाही, सगळ्या एकत्र वाचायच्या.

आपल्याकडेही असा चकवा आहे. जुन्या भांड्याच्या तळाशी रोमन लिपीत 'ओ एम' दिसलं, तर हात जोडू नका! भुजचे कारागीर उमरसी मावजी यांची ती आद्याक्षरं.

आणि आपल्या पेटीतली नाणी? निजामाच्या हाली रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या कमानीत एक अक्षर आहे : 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. त्यात चांदी बहुधा शेकडा सुमारे ८२. इंग्रजी रुपयात जवळपास ९२. पण इंग्रजी रुपयाचं सालही बघा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली. म्हणजे एका तारखेने किंमत बदलते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की चांदीचा भाव चढला की घराघरांतून जुने वाळे, तोडे, तांब्या-पेले मोडीत निघतात. तराजूला फक्त वजन कळतं. मूस तर सिंह आणि 'ऐन' यांत काही फरकच करत नाही. अडचणीत मोडावं लागलं तर जरूर मोडा, त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी भिंगातून तळ बघा, आतली कड बघा, कडीजवळ बघा. घासूनपुसून लख्ख करू नका. झिजलेला ठसा परत येत नाही. फोटो काढा, वजन लिहा, कुणाकडून आलं ते आजीला विचारून ठेवा.

ज्याने ती वस्तू घडवली, त्याचं नाव बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. कँटनचा कारागीर काय, आपला सोनार काय, दोघांचंही तेच. निदान जिथं ते उमटलं आहे, तिथं वाचल्याशिवाय पुसू नये, एवढीच विनंती.