कोर्लई बोलीतील क्रियापदे
महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील कोर्लई गावात कॅथलिक समाज जी पोर्तुगीजोद्भव मिश्रभाषा बोलतो, तिला तो ‘नो लिंग’ (आपली भाषा) म्हणतो. बोलणारे सुमारे एक हजार. लॅटिन क्रियापदांच्या अनियमित रूपांचे परभूमीत काय होते, ते या बोलीत पाहावयास मिळते.

पोर्तुगीजमधील ‘जाणे’ या क्रियापदाची रूपे तीन लॅटिन धातूंची आहेत. ‘ईर’ (जाणे) हे ‘ईरे’पासून, ‘वोउ’ (मी जातो) हे ‘वादेरे’पासून, तर ‘फुइ’ (मी गेलो) हे ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्से’च्या भूतकाळापासून आले. साहजिकच ‘फुइ’ म्हणजे ‘मी होतो’ असेही होते. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूपासून, तर ‘गेला’ हे ‘गत’पासून आले आहे. अशी रूपे नियमाने सिद्ध होत नाहीत. ती सतत कानावर पडली, तरच टिकतात.

दमणपासून चौलपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडत असे. डहाणू व तारापूर यांदरम्यानचे वाढवण याच पट्ट्यातले. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईसह यातील बराच भाग जिंकला आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई त्यांच्याकडे आली. दमण व दीव येथे पोर्तुगीज अंमल १९६१ पर्यंत राहिला. दीवच्या बोलीत ‘वाय’ (जातो) व ‘फोय’ (गेला) ही भिन्नमूल जोडी टिकली, यामागे हा दीर्घ सहवास असावा.

कोर्लईत पुरुष व वचन यांचे प्रत्यय लोपले. ‘गाणे’ या अर्थी ‘काता’, भूतकाळी ‘कातो’, चालू क्रियेसाठी ‘कातान’ आणि पूर्ण झालेल्या क्रियेसाठी ‘काताद’ एवढी चार रूपे सर्व पुरुषांना पुरतात. ‘कातो’ हे मूळ तृतीयपुरुषी एकवचन (‘कान्तोउ’) होय. पोर्तुगीज ‘तेर’ (असणे, जवळ असणे) या अनियमित क्रियापदाचे ‘ते’ (आहे) व ‘ती’ (होता) हे गोठलेले अवशेष मात्र साहाय्यक म्हणून उरले. अधिक लक्षणीय गोष्ट अशी, की आ, ए, इ या तीन वारसागत गणांच्या जोडीला मराठी धातूंसाठी उकारान्त चौथा गण निर्माण झाला आणि क्रियापद मराठीप्रमाणे वाक्यान्ती गेले.

दीवच्या बोलीवर हूगो शूखार्ट यांनी १८८३ मध्ये लिहिले. कोर्लईचे सविस्तर वर्णन जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या ग्रंथात आहे. मराठी शिक्षण व व्यवहार यांमुळे गावातील मुले आता मराठीकडे वळत आहेत.