थ्रेड : लांब पल्ल्याच्या विमानातील ‘चांगली जागा’ आणि तिचा इतिहास

१.
विमानाचे तिकीट काढताना पडद्यावर आसनांचा नकाशा उघडतो आणि आपण विचारात पडतो. खिडकी घ्यावी की मार्गिका, पुढे बसावे की मागे? हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. परंतु ‘चांगली जागा’ कोणती, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत वारंवार बदललेले आहे. ते कधी उन्हाने ठरवले, कधी इंजिनाच्या आवाजाने, कधी सिगारेटच्या धुराने. आणि एकदा ते ५५ माणसांच्या मृत्यूने बदलले. मित्रहो, आजचा हा थ्रेड त्या उत्तरांविषयी.

२.
आरंभ आगबोटीपासून करू. ‘पॉश’ हा शब्द आपण मराठीतही सर्रास वापरतो : पॉश वस्ती, पॉश हॉटेल. त्याची एक प्रसिद्ध व्युत्पत्ती थेट मुंबईच्या बंदराशी जोडली जाते. विलायतेहून मुंबईकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे राहते, म्हणून तेथे ऊन कमी. परतीच्या प्रवासात तेच सुख उजव्या बाजूला. श्रीमंत साहेबांच्या तिकिटावर म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे उमटवलेली असत आणि त्यांतून ‘पॉश’ तयार झाला.

३.
कथा सुंदर आहे, पण पुराव्याच्या कसोटीवर ती टिकत नाही. अशी आद्याक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनीही ही व्युत्पत्ती स्वीकारलेली नाही. तरीही ही दंतकथा इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही सांगून जाते. वातानुकूलन नसलेल्या काळात तांबड्या समुद्रातील उकाडा हा प्रवाशांचा खरा शत्रू होता. सावलीची बाजू कोणती, हे कळणे आणि ती विकत घेता येणे, हीच प्रतिष्ठेची खूण होती. शब्दाची कथा खोटी असली, तरी तिच्यामागचा उकाडा खरा होता.

४.
आता आकाशात येऊ. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही हवाई सेवा सुरू केली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ साली. प्रवासाला सुमारे सात दिवस लागत आणि त्यातला एक टप्पा चक्क आगगाडीने पार करावा लागे. याच सेवेने आलेली टपाल घेऊन १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपल्या छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ याच दिवसापासून मानतात.

५.
१९३१ साली इम्पीरियलच्या सेवेत हँडली पेज एच. पी. ४२ हे चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे अवाढव्य विमान दाखल झाले. त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची अंतर्रचना फार बोलकी आहे. प्रवाशांसाठी दोन दालने होती, एक पंखांच्या पुढे आणि एक मागे. मधला भाग इंजिनांच्या अगदी लगत, म्हणून कर्णकर्कश. तेथे सामान व स्वच्छतागृहे ठेवलेली होती. म्हणजे रचनाकारांनी सर्वांत वाईट जागा आधीच ओळखली होती आणि ती कोणालाही विकायची नाही, असे ठरवले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

६.
त्यानंतर आल्या शॉर्ट कंपनीच्या ‘एम्पायर’ उडत्या बोटी. पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या या विमानांत एक फेरफटक्याचे दालन असे. प्रवासी कठड्याला रेलून खिडकीतून नाईल नदी पाहत उभे राहू शकत. रात्री विमान खाली उतरे आणि मुक्काम जमिनीवर होई. अशा प्रवासात ‘माझी जागा कोणती’ या प्रश्नाला फारसे महत्त्व नव्हते, कारण माणूस तासन्‌तास एका आसनाला जखडलेला नव्हता. प्रवासी थोडे, भाडे अतोनात, म्हणून जागा मुबलक.

७.
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. दालनातील हवेचा दाब नियंत्रित असल्याने हे विमान पूर्वीच्या विमानांपेक्षा पुष्कळ उंचावरून उडे. परंतु चार प्रोपेलरांची घरघर आणि थरथर कायम होती, आणि ती सर्वाधिक जाणवे प्रोपेलरांच्या रेषेत बसणाऱ्यांना. म्हणून त्या काळातील अनेक विमानांत शेपटीकडचा भाग हा मानाचा मानला जाई. बैठकीचे दालन मागे, प्रथम वर्गही बहुधा मागे. आज ज्या जागेला आपण नाक मुरडतो, तेथे बसण्यासाठी तेव्हाचे धनिक जादा पैसे मोजत.

८.
‘प्रथम वर्ग’ हा शब्द वापरला खरा, पण वर्गभेद विमानात आला कधी? युद्धोत्तर वर्षांत आंतरखंडीय विमानप्रवास मुळातच धनिकांचा होता. त्यांच्यात आणखी पायऱ्या पाडण्याची गरज नव्हती. १ मे १९५२ रोजी अटलांटिक मार्गावर ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. भाडी व सोयी ठरवण्याचा अधिकार विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, म्हणजे ‘आयाटा’कडे होता. स्वस्त वर्गात केवळ साधे सँडविच द्यावे, असा नियम झाला. काही युरोपीय कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली मेजवानीच वाढली, आणि ‘सँडविच म्हणजे काय’ यावर गंभीर वाद रंगला! यातला विनोद बाजूला ठेवला तर एक गोष्ट उरते. स्वस्त वर्ग पुरेसा स्वस्त दिसावा, याची काळजी नियमानेच घेतली जात होती.

९.
२६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. १९६० साली एअर इंडियाकडेही ही विमाने आली आणि मुंबई ते न्यूयॉर्क अशी सेवा सुरू झाली. जेट इंजिनाने आसनांचा सगळा क्रमच उलटा केला. जेटचा गडगडाट इंजिनाच्या मागे फेकला जातो. त्यामुळे विमानाचा पुढचा भाग शांत झाला आणि शेपटीकडचा गोंगाटाचा. प्रथम वर्ग मागून उचलून पुढे नेण्यात आला. आज ‘पुढे बसणे म्हणजे श्रीमंती’ हे समीकरण आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. वास्तविक ते जेट युगाचे अपत्य आहे.

१०.
याच पिढीच्या विमानांपासून एक छोटी फसवणूकही चालत आली आहे. बोइंगच्या या विमानांत खिडक्यांमधील अंतर धडाच्या सांगाड्यानुसार, म्हणजे सुमारे २० इंचांवर ठरलेले असते. आसने मात्र रुळांवर बसवलेली असतात. कंपनी त्यांतील अंतर हवे तसे कमी-अधिक करू शकते. दोन्ही मापे जुळतीलच असे नाही. म्हणूनच ‘खिडकीचे आसन’ घेऊनही कोणाच्या वाट्याला कोरी भिंत येते.

११.
२२ जानेवारी १९७० रोजी बोइंग ७४७ प्रवासी सेवेत उतरले. त्याच्या डोक्यावरचा उंचवटा चैनीसाठी बांधलेला नव्हता. भविष्यात स्वनातीत विमाने प्रवासी नेतील आणि ७४७ मालवाहू होईल, असा तेव्हा कयास होता. नाकाकडून माल भरता यावा म्हणून वैमानिकांचा कक्ष वर नेला. त्यामागे जी मोकळी जागा उरली, तिचे गोल जिन्याने जोडलेले बैठकीचे दालन झाले. खाली, नाकाच्या टोकाशी प्रथम वर्गाचे प्रवासी वैमानिकांच्याही पुढे बसू लागले. एअर इंडियाने १९७१ साली आणलेल्या आपल्या ७४७ विमानांच्या खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवली. मालवाहतुकीच्या हिशेबातून उरलेली जागा अशा रीतीने राजवाड्याचा सज्जा झाली.

१२.
त्या काळच्या प्रवाशाला आणखी एक प्रश्न विचारला जाई : धूम्रपानाच्या रांगेत की बाहेर? १९७३ साली अमेरिकेने विमानांत धूम्रपानरहित विभाग सक्तीचा केला. परंतु धुराला रांगेचा क्रमांक कळत नाही. सीमारेषेवरची ‘धूम्रपानरहित’ रांग नावापुरतीच तशी असे. त्याच वर्षी ११ जुलैला रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिग कंपनीच्या विमानात मागच्या स्वच्छतागृहात आग लागली आणि १२३ जण मृत्युमुखी पडले. जळती सिगारेट हे संभाव्य कारण मानले गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९९२ साली ठराव करून १ जुलै १९९६ हे संपूर्ण बंदीचे लक्ष्य ठरवले. त्यानंतर मागची रांग निदान या एका शापातून सुटली.

१३.
आता सर्वांत महत्त्वाचे पान. २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीवर वेग घेत असताना डावे इंजिन फुटले, इंधनाची टाकी भेदली गेली आणि आग लागली. विमान जमिनीवरच थांबले, आघात असा काही झाला नाही. तरीही १३७ जणांपैकी ५५ जण मरण पावले, बहुतेक धुराने गुदमरून. पंखावर उघडणाऱ्या आणीबाणीच्या दाराकडे जाणारी, दोन रांगांमधली फट अत्यंत अरुंद होती. दाराशेजारच्या प्रवाशाला ते झटकन उघडता आले नाही. उघडले तेव्हा त्याची जड झडप आत, आसनावरच कोसळली. वाचण्याची वाट समोर होती, पण तेथवर पोहोचायला जागा नव्हती.

१४.
या दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने अशा दारांपाशी अधिक मोकळी जागा सोडणे बंधनकारक केले. क्रॅनफिल्ड येथे हेलन म्युअर यांनी माणसे विमानातून कशी बाहेर पडतात, याचे प्रयोग केले. शिस्तीत बाहेर पडणारा गट आणि जिवाच्या आकांताने धावणारा गट यांच्यात फार फरक पडतो, म्हणून त्यांनी आधी बाहेर पडणाऱ्या अर्ध्या स्वयंसेवकांना पाच पौंड अधिक देऊ केले. तेवढ्या आमिषानेही अरुंद फटीत माणसांचा बोळा अडकून बसला! काही इंचांचे महत्त्व किती, हे या प्रयोगांनी मोजून दाखवले.

१५.
आज आसनांच्या नकाशावर दाराजवळची रांग ‘पाय पसरायला जादा जागा’ म्हणून झळकते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. लांब पल्ल्याच्या रुंद विमानांत ही दारे मोठी असतात, पण तत्त्व तेच. ती रिकामी जागा बसणाऱ्याच्या सुखासाठी सोडलेली नाही. ती मागच्या पन्नास-साठ माणसांची वाट आहे. म्हणूनच तेथे लहान मुलांना किंवा मदतीची गरज असलेल्या प्रवाशांना बसवत नाहीत, आणि उड्डाणाच्या वेळी पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत. एच. पी. ४२ च्या रचनाकारांनी वाईट जागा विकली नव्हती. आपल्या काळात सुरक्षेची मोकळी जागाही विक्रीस निघाली आहे. नियम मोडला जात नाही, हे खरे. परंतु जागेचा अर्थ मात्र विसरला जातो.

१६.
दरम्यान वर्गांच्या पायऱ्या वाढत गेल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, पूर्ण भाडे भरूनही सवलतीच्या प्रवाशांशेजारी बसावे लागणाऱ्यांसाठी ‘बिझनेस’ वर्ग निघाला. २००० साली ब्रिटिश एअरवेजने त्या वर्गात सपाट शय्या आणली. निम्मे प्रवासी उलट्या दिशेला तोंड करून, तेव्हा कुठे गणित जमले. विमानाचे धड तेवढेच राहते. कोणी आडवे झाले, तर मागे कोणीतरी अधिक ताठ बसणार, हे ओघाने आलेच.

१७.
मग आज ‘चांगली जागा’ कोणती? इतिहासाने हाती दिलेल्या काही खुणा अशा. शांतता हवी, तर इंजिनांच्या पुढे. हेलकावे कमी हवेत, तर पंखांजवळ, कारण विमानाचा तोल तेथे असतो आणि शेपूट अधिक डोलते. दृश्य हवे, तर आपल्या रांगेला खरोखर खिडकी आहे ना, हे पाहून घ्या. ऊन टाळायचे, तर जुन्या आगबोटीचेच तंत्र वापरा : दिशा आणि वेळ यांचा हिशेब करा. आणि दाराजवळची रांग घेतलीत, तर दार कसे उघडते ते सूचनापत्रकावर आधी वाचा. जादा पैसे भरले म्हणून ती रांग आपली होत नाही. आणीबाणीत ती सर्वांची असते.

१८.
मित्रहो, आपल्या घरी जुनी विमान-तिकिटे, छायाचित्रे असतील, आजी-आजोबांपैकी कोणी साठ-सत्तरच्या दशकात परदेशी गेले असेल, तर त्यांना जरूर विचारा : कुठे बसला होता, शेजारी कोण होते, धूर होता का? अशा आठवणी कोणत्याही अभिलेखागारात सापडत नाहीत. मिळाल्या तर खाली लिहा. त्यांतून पुढचा थ्रेड घडेल.