‘चाई’, ‘खालित्य’ आणि शेगावची केसगळती : रोगनामांचा एक अभ्यास

रोगाला नाव देणे हे निदानाचे पहिले पाऊल होय. आणि पुष्कळदा, दुर्दैवाने, तेच शेवटचेही ठरते. ज्या नावात रोगाचे रूप सांगितलेले असते ते नाव फारसा अपाय करीत नाही. परंतु ज्या नावात रोगाचा अपराधी आधीच ठरवून टाकलेला असतो, ते नाव वैद्याची दृष्टी बांधून टाकते आणि रोग्याच्या शेजाऱ्यांची तर त्याहून अधिक. केशपात व शिरस्त्वचेचे विकार यांची मराठीत रूढ असलेली नावे या दृष्टीने तपासून पाहावीत असे प्रस्तुत लेखकास बरेच दिवस वाटत होते. त्यास तातडीचे निमित्त मिळाले ते 2025 च्या आरंभी वऱ्हाडात घडलेल्या एका प्रकाराने. बडनेऱ्याहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला ओलांडले की पुढे शेगाव लागते. त्या तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा इत्यादी गावांत डिसेंबर 2024 पासून माणसांचे केस मुठीमुठीने गळू लागले. त्याची हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी शब्दांकडे वळणे अवश्य आहे.

प्राचीन वाङ्मयात टकलेपणाचा उल्लेख फार जुना आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केशवृद्धीसाठी दोन सूक्ते (136 व 137) आली असून त्यांत ‘नितत्नी’ नामक वनस्पतीला आवाहन केले आहे; जमदग्नीने ती आपल्या कन्येसाठी खणून काढली असे तेथे सांगितले आहे. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधातील व्यक्तींची जी यादी आहे, तीत ‘खलति’ म्हणजे टकला मनुष्य द्युलोकास अर्पावयाचा असतो. उघड्या आकाशाला उघडे मस्तक, हा संबंध जोडणाऱ्यास विनोदबुद्धी नव्हती असे म्हणवत नाही. याच ‘खलति’पासून ‘खालित्य’ हा वैद्यकातील शब्द सिद्ध झाला.

सुश्रुताने निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांत, या विकाराची जी उपपत्ती सांगितली आहे ती लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. वातासह पित्त रोमकूपांत शिरते आणि केस पाडते. त्यानंतर रक्तासह कफ ती रोमकूपे बुजवतो, म्हणून नवे केस उगवत नाहीत. वात-पित्त-कफ ही परिभाषा क्षणभर बाजूस ठेवली तर ध्यानात येईल की येथे दोन वेगळ्या घटना सांगितल्या आहेत : केस पडणे ही एक आणि केस पुन्हा न येणे ही दुसरी. आजचा त्वचारोगतज्ज्ञही प्रथम हाच प्रश्न विचारतो. मूळ शाबूत आहे की व्रण होऊन बुजले आहे? शाबूत असेल तर आशा आहे.

सुश्रुताने इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या ही तिन्ही नावे एकाच विकाराची मानली. वाग्भटाने मात्र अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात (अध्याय 23) मस्तकाच्या नऊ विकारांत इंद्रलुप्त व खलति हे दोन निराळे धरले आणि त्यांतील भेद एका शब्दात सांगितला : खलतीत केस क्रमाक्रमाने जातात. म्हणजे इंद्रलुप्तात ते एकाएकी जातात हे ओघानेच आले. माधवनिदानाच्या टीकेत तिसरेच मत आढळते. त्यानुसार इंद्रलुप्त दाढीमिशांत, खालित्य मस्तकावर आणि रुह्या सर्वांगावर होते. स्थानभेदावर आधारलेली ही विभागणी पाठांतरास सोयीची खरी. परंतु माझ्या मते वाग्भटाचा कालभेद अधिक मोलाचा आहे. केस *कोठे* गेले यापेक्षा ते *किती दिवसांत* गेले, हा प्रश्न कारणाच्या अधिक जवळ नेतो. शेगावच्या प्रकरणात नेमके हेच प्रत्ययास आले.

वाग्भटाच्या त्याच स्थळी आणखी एक शब्द दडलेला आहे आणि भाषाभ्यासकाचे लक्ष त्याने वेधून घ्यावे असा तो आहे. इंद्रलुप्ताला ‘दुसरे काही लोक’ चाचा म्हणतात, असे तो नोंदवून ठेवतो. हे ‘दुसरे लोक’ म्हणजे शास्त्रकार नसून सामान्य बोलणारे असावेत, कारण या शब्दाला संस्कृत धातूचा आधार दिसत नाही. मराठीत डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की त्यास ‘चाई’ म्हणतात. दोन स्वरांमधील एकेरी ‘च्’ प्राकृतात लोपतो. सूची या शब्दापासून सुई झाली ती याच वाटेने. तेव्हा चाचा या शब्दास लघुत्ववाचक प्रत्यय लागून ‘चाचिका’ असे रूप कल्पिले तर त्यापासून ‘चाई’ सहज सिद्ध होते. ‘इका’ची ‘ई’ होणे मृत्तिका–माती या जोडीत सर्वपरिचित आहे. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु अर्थ तंतोतंत जुळतो आणि ध्वनिनियमही आड येत नाहीत, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मराठीतील इतर नावे पाहिली तर ती बहुतेक रूपवाचक आहेत. धान्य कांडल्यावर उरणाऱ्या तुसासारखे पापुद्रे डोक्यातून निघतात म्हणून तो ‘कोंडा’; हाच संस्कृत ग्रंथांतील दारुणक. खपल्या धरणाऱ्या फोडांना ‘खवडे’ म्हणतात आणि ते ग्रंथांतील अरुंषिकेशी जुळते. ‘टक्कल’ तर केवळ दिसते ते सांगून थांबते. यांच्या उलट ‘इंद्रलुप्त’ हे नाव एका देवतेवर आळ घेते. चरकाने रक्तज कृमींत ‘केशाद’, म्हणजे केस खाणारे, असा एक प्रकार सांगितला असून तीच कल्पना ‘किडीने केस खाल्ले’ या आपल्या घरगुती निदानात जिवंत आहे. माझ्या लहानपणी बडनेऱ्यास आमच्या आळीत एका मुलास चाई लागली, तेव्हा त्याच्या आजीने ‘कीड मारण्यासाठी’ कांदा घासून घासून त्याचे डोके लालभडक केले होते. दोन-तीन महिन्यांनी केस आले आणि कांद्याची कीर्ती वाढली.

वस्तुस्थिती अशी की चाईत कीड नसते. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटते, आणि लहान चट्टा असेल तर पुष्कळदा तो आपोआप भरून येतो. म्हणूनच चाईवर आजवर सुचविलेला प्रत्येक उपाय कोणाला ना कोणाला गुणकारी वाटला आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानात हस्तिदंताची मषी व रसांजन यांचा लेप सांगितला असून त्याने तळहातावरही केस उगवतील अशी ग्वाही दिली आहे! शिरावेध, पाछणे, गुंजेचा लेप, माक्याचे तेल ही परंपरा त्यापुढे अखंड चालत आली. त्वचा क्षुब्ध करून केस आणण्याची कल्पना मात्र अगदीच निराधार नव्हे. आजही काही क्षोभक औषधे त्याच हेतूने लावली जातात.

कीड हे कारण जेथे थोडेफार खरे आहे ते स्थान वेगळे. मुलांच्या डोक्यात होणारा गजकर्णासारखा बुरशीचा विकार हा संसर्गजन्य असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर क्ष-किरणांनी किंवा थॅलियमच्या क्षाराने सर्व केस पाडून टाकणे हा मान्य उपचार होता, आणि दोन्हींनी मुलांचे नुकसान केले. 1958 च्या सुमारास ग्रिसिओफल्विन हे पोटात घेण्याचे औषध आले तेव्हा तो अघोरी प्रकार संपला.

आता शेगावकडे. आधी डोक्यास खाज, मग केस राठ होणे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम रुग्णांनी सांगितला. स्त्रिया, पुरुष, मुले, कोणीही सुटले नाही. 18 गावांत मिळून 279 माणसे बाधित झाल्याची नोंद आहे. वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने यास ‘टक्कल व्हायरस’ असे नाव ठेवले. कोणताही विषाणू कोणीही पाहिलेला नव्हता. पण नाव पडले आणि त्याने आपले काम केले : केशकर्तनालयांतून नकार मिळाले, ठरत आलेल्या सोयरिकी मोडल्या, परगावी गेलेल्या माणसास लोक दूर बसवू लागले. 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने, विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. तो नकार करुणेचा होता. हा नकार भयाचा होता, आणि ते भय एका शब्दाने निर्माण केले होते. ज्या समाजात स्त्रीच्या मुंडित मस्तकाला एक भीषण अर्थ कित्येक पिढ्या चिकटलेला होता, तेथे डोक्यावरचा पदर घट्ट धरून तपासणीस बसलेल्या स्त्रियांची मनःस्थिती काय असेल हे सांगणे न लगे.

वैद्यकीय पथकांचा पहिला संशय बुरशीवर होता. दुसरा संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता, कारण हा सर्व भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मोडतो. पाण्यात क्षार व नायट्रेट अधिक आढळलेही. परंतु खारे पाणी या भागाने पिढ्यान्‌पिढ्या प्यालेले आहे. केस मात्र याच हिवाळ्यात गेले. येथे वाग्भटाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्वर, प्रसूती वा उपासमार यांनंतर होणारी केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, कारण केस आधी विश्रांतीच्या अवस्थेत जातात व मग पडतात. तीन-चार दिवसांत केस पडणे याचा अर्थ वाढत्या केसाच्या मुळावरच आघात झाला. आणि असा आघात अनेक घरांत एकदम झाला तर प्रथम विषाचा विचार केला पाहिजे.

तो विचार नेटाने केला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. विंचूदंशावरील संशोधनामुळे महाडचे हे वैद्य सर्वांस ठाऊक आहेत. त्यांनी या गावांत जाऊन घरांतील गव्हाचे व रुग्णांचे नमुने तपासून घेतले. शिधावाटप दुकानातून आलेल्या न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम आणि धुतलेल्यात 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. म्हणजे धुण्याने फारसा फरक पडत नव्हता, विष दाण्याच्या आतच होते. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे सहाशे पट असल्याचे त्यांनी सांगितले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, मूत्रात 60 पट व केसांत 150 पट वाढलेले आढळले, आणि जस्त घटलेले होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला असावा असे त्यांचे मत पडले. शिवालिकच्या पायथ्याशी, नवांशहर व होशियारपूर जिल्ह्यांत, सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत ही गोष्ट मृदाशास्त्रज्ञांस पूर्वीपासून परिचित आहे. ज्वारीची भाकर खाणाऱ्या वऱ्हाडात शिध्याच्या गव्हाने रोजच्या ताटात किती जागा घेतली आहे, याचाही हा एक अनपेक्षित पुरावाच म्हणावयाचा.

हा अनुभव जगाला नवीन नव्हता. 1856 च्या सुमारास अमेरिकेतील फोर्ट रँडॉल येथील लष्करी शल्यवैद्य मॅडिसन याने घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडून खूर सुटत असल्याचे टिपून ठेवले. त्याचे कारण सेलेनियम, हे 1930 नंतरच्या दशकात उलगडले. चीनच्या हूपेइ प्रांतात एन्शी येथे 1961 ते 1964 या वर्षांत माणसांचे केस व नखे मोठ्या प्रमाणावर गळाली. तेथे दगडी कोळशातील सेलेनियम मातीत आणि मातीतून पिकांत उतरले होते.

एन्शीच्या वृत्तांतात ‘नखे’ आहेत हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. शेगाव तालुक्यात एप्रिल 2025 मध्ये, पुष्कळांच्या डोक्यावर केस पुन्हा दिसू लागले असताना, त्याच गावांतील लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, आणि गावकऱ्यांस वाटले की दुसराच रोग आला. तो दुसरा नव्हता. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, हाताचे नख त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. नखाच्या मुळाशी डिसेंबरात झालेली इजा टोकाकडे सरकत उघड्यावर येण्यास काही महिने लागणारच. केस व नखे दोन्ही एकाच प्रथिनाची बनलेली असतात. त्या प्रथिनास बळकटी देणाऱ्या गंधकाची जागा सेलेनियम घेते आणि बांधणी खिळखिळी होते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. आयुर्वेदाने केस आणि नखे ही दोन्ही अस्थिधातूची मळे म्हणून एकाच ओळीत बसवली होती. इंद्रलुप्त आणि कुनख ही मात्र तेथेही दोन वेगळ्या रोगांची नावे राहिली.