टाकी ई-६१०

मे १९८२. अमेरिकेहून आलेले युनियन कार्बाइडचे तज्ज्ञ भोपाळचा कारखाना तपासतात. विषारी वायू सुटण्याचा धोका त्यांच्या अहवालात स्पष्ट लिहिलेला आहे.

सप्टेंबर १९८४. कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्याची पाहणी होते. मिथाइल आयसोसायनेटच्या, म्हणजे ‘मिक’च्या, टाकीतली अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते, असा इशारा मिळतो. तो भोपाळला कळवलाच जात नाही.

सरकारतर्फे भोपाळच्या कारखान्यावर लक्ष ठेवणारे तिथल्या कार्यालयातले दोन्ही कारखाना निरीक्षक मेकॅनिकल इंजिनियर. रासायनिक धोक्यांचं ज्ञान त्यांना बेताचंच. मी त्यांना दोष देत नाही. असं रसायन वस्तीला खेटून साठवायला परवानगी द्यायची आणि ते जाणणारा एक माणूसही तपासणीला नेमायचा नाही, हा सरकारचा अपराध आहे.

२ डिसेंबर, रात्री साडेनऊ. नळ्या धुवायला पाणी सोडलं जातं. ते पुढे जाऊ नये म्हणून बसवायची लोखंडी चकती बसवलेली नाही. पाणी ई-६१० टाकीत नेमकं कुठून शिरलं यावर कंपनी आणि कामगार यांचं कधीच जमलं नाही. ते शिरलं, हे दोघांनाही मान्य. आत सुमारे ४० टन मिक. पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन टाकी तापू लागते.

अकरा. दाब दोनवरून दहावर गेलेला. दोन ते पंचवीस हा नेहमीचा पल्ला, त्यामुळे नुकत्याच आलेल्या पाळीला त्यात वावगं दिसत नाही. तासाभरात पाचपट वाढ म्हणजे काय, हे ओळखणारं प्रशिक्षण त्यांना कोणी दिलं होतं?

साडेअकरा. डोळे चुरचुरू लागतात. गळती सापडते. चहानंतर बघू, असं ठरतं. असं चुरचुरणं इथे अधूनमधून व्हायचंच.

पाऊण. दाबाचा काटा टोकाला. टाकीवरचं काँक्रीट तडकतंय. मिक ३९ अंशांना उकळतं, म्हणून ते शून्याच्या आसपास ठेवायचं असतं. पण शीतकरण यंत्र जूनपासून बंद आहे. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. वायू धुणारा स्क्रबर एवढ्या लोंढ्यासाठी बांधलेलाच नाही. पाण्याचे फवारे धुराड्याच्या तोंडापर्यंत पोचत नाहीत.

एक. वायू शेजारच्या वस्तीवर, जयप्रकाश नगरावर, उतरतो. वस्तीसाठीचा भोंगा वाजतो आणि थोड्याच वेळात बंद केला जातो. तो पुन्हा मोठ्याने वाजतो दोननंतर, तोवर लोक झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे पळताहेत. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढंही त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

पहाटे. हमीदिया रुग्णालयात माणसं गुदमरत येताहेत. कोणता वायू, उतारा काय, हे डॉक्टरांना ठाऊक नाही. त्यांना कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून कळतं, की हा डोळ्यांची आग करणारा वायू आहे, प्राणघातक नाही.

तात्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९. कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला देणं मालकांवर बंधनकारक झालं, ते कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीने.