पहिल्या रेसिडेंटला शिकवलं कोणी?

आमच्या धंद्यात एक जुनं कोडं आहे. पहिला कंपायलर कशाने कंपाईल केला? उत्तर तसं सोपं आहे: आधीच्या कुठल्यातरी भाषेत तो कसाबसा उभा केला आणि मग त्याच्याच जोरावर पक्का लिहिला. पण हेच कोडं मला एकदा चक्क दवाखान्यात भेटलं.

काही वर्षांपूर्वी मी ऑनसाइटला सिनसिनाटीत होतो. एका रात्री रूममेटचा घसा सुजला, श्वास अडकायला लागला. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी! इमर्जन्सीत ज्या मुलीने त्याला हाताळलं ती जेमतेम आमच्याच वयाची. आल्या आल्या मांडीत अ‍ॅड्रेनलिन, ऑक्सिजन, आणि नजर सतत घशावर. मी भीत भीत विचारलं, "मोठे डॉक्टर कधी येणार?" ती हसली. ती इमर्जन्सी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, आणि तिचे सर शेजारच्याच खाटेपाशी उभे होते. जाता जाता म्हणाली, हे शिक्षण सुरूच मुळी या गावात झालं.

मला आमच्या गावची कॅज्युअल्टी आठवली. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ड्यूटीवर नुकताच पास झालेला एक पोरगा होता. तो घामाघूम होऊन फोनवर फिजिशियनला शोधत होता. बाबा वाचले. पण त्यात नशिबाचा वाटा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर मंडळी, अमेरिकेतही एकेकाळी हेच होतं. इमर्जन्सी रूम म्हणजे इंटर्नच्या गळ्यात मारलेलं काम, नाहीतर पाळीपाळीने येणारे डॉक्टर, मग ते कुठल्याही शाखेचे असोत. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या डॉ. जेम्स मिल्स यांनी तिघा सहकाऱ्यांना घेऊन आपापली प्रॅक्टिस सोडली आणि चौघांनी पूर्णवेळ इमर्जन्सीच सांभाळायला घेतली. १९६६ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला आणि अपघाताला आधुनिक समाजाचा दुर्लक्षित आजार म्हटलं. १९६८ मध्ये या डॉक्टरांची संघटना झाली. आणि १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पहिली रेसिडेन्सी सुरू झाली. पहिला रेसिडेंट एकच, ब्रूस जॅनियाक.

आता कोडं बघा. या विषयात शिकून तयार झालेला एकही शिक्षक जगात नाही! मग शिकवणार कोण? बाकीचे सगळे. आज मेडिसिन, उद्या सर्जरी, परवा मुलांचा विभाग.. म्हणजे आमचा कंपायलरच की.

गंमत म्हणजे त्या उसनवारीची खूण आजही अभ्यासक्रमात दिसते. तीन किंवा चार वर्षांत रेसिडेंट आपल्या विभागाबाहेरही फिरतो: आयसीयू, भूल, बालरोग, प्रसूती, अँब्युलन्स. पण नुसते महिने भरून भागत नाही. कित्येक वर्षं वापरात असलेल्या यादीत आकडे आहेत: श्वासनलिकेत नळी ३५ वेळा, छातीत नळी १०, बाळंतपणं १०. क्वचितच करावी लागणारी कामं सिम्युलेटरवर केली तरी चालतात. आणि प्रत्येक पाळीला मागे एक अनुभवी डॉक्टर उभा. त्या रात्रीचे शेजारच्या खाटेवरचे सर म्हणजे हीच व्यवस्था.

१९७९ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनला अमेरिकेत स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली, १९८० मध्ये पहिली परीक्षा झाली. पण परीक्षेला बसणार कोण? रेसिडेन्सी केलेले मूठभर. म्हणून अनुभवाची वाट ठेवली: ६० महिन्यांत ७००० तास काम दाखवा आणि बसा. ही वाट १९८८ मध्ये बंद झाली. बाहेर राहिलेल्यांपैकी काहींनी १९९० मध्ये कोर्ट गाठलं. खटला चालला चालला आणि २००५ मध्ये अपिलातही ते हरले.

मला त्या लोकांचं वाईट वाटतं. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या, त्यांनाच दार बंद! त्यात उत्तम डॉक्टर असणारच. पण दार कधीच बंद केलं नसतं तर रेसिडेन्सीची गरजच कोणाला पटली नसती. रोग्यावर प्रयोग करत शिकणं आणि कोणाच्या तरी नजरेखाली शिकणं यात फरक आहे, आणि तो फरक खाटेवर पडलेल्यालाच भोगावा लागतो.

आपल्याकडे त्यावेळच्या मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये ही शाखा मान्य केली. तीन वर्षांची एमडी. म्हणजे सिनसिनाटीनंतर ३९ वर्षांनी.

त्या पोराचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि त्याच्या शेजारच्या खाटेपाशी कोणी उभं नव्हतं.