हिरवा ढेकूण

तूर, सोयाबीन, मूग, कापूस, टोमॅटो अशा अनेक पिकांचा रस शोषणारी कीड. शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला, कुल पेंटॅटोमिडी. लिनीयसने 1758 मध्ये तिचे वर्णन केले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तूर-कापसाच्या पट्ट्यात ही कीड आढळते.

प्रौढ सुमारे दीड सेंमी लांब, ढालीच्या आकाराचा व हिरवा असतो. पाठीवर मोठा त्रिकोण दिसतो. डिवचल्यास तो उग्र वास सोडतो. मादी पानामागे पिंपाच्या आकाराची अंडी एकमेकांना चिकटवून पुंजक्याने घालते. पिल्ले पाच अवस्थांतून वाढतात. ती काळसर, ठिपकेदार असल्याने वेगळीच कीड वाटतात. तुरीवरचा काटेरी खांद्यांचा तपकिरी शेंग ढेकूण मात्र वेगळ्या कुलातला.

दाणे भरताना सोंड खुपसल्याने ते सुरकुततात. बोंडात शिरलेल्या बुरशी-जिवाणूंमुळे रुई डागाळते. शेंग बाहेरून धड दिसते, म्हणून नुकसान उशिरा कळते.

पहिल्या अवस्थेतील पिल्ले अंड्यांपाशीच घोळक्याने थांबतात. अंडीपुंज व हे घोळके पानासह तोडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय. बांधावरचे तण काढावे. प्रादुर्भाव कमी असताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. ट्रिसोल्कस ही गांधीलमाशीच्या गणातील सूक्ष्म परोपजीवी अंड्यांतच वाढते. सरसकट फवारणीत तीही मरते. अळ्या खाणारे मित्र ढेकूणही असतात; त्यांची सोंड जाड असते. रासायनिक कीटकनाशक शेवटी, तेही त्या पिकासाठी शिफारस असलेलेच वापरावे. शिफारशींसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.